ओल्या वावरातल्या चाकोऱ्या

अक्का गेल्याचा फोन मलकापूरला आला तेव्हा पाऊस पडत होता. धाडजवळच्या तिच्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली. महिना उलटला, लोक म्हणतात राग सोड. मला तो सोडवत नाही...

अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर शेती तिनंच सांभाळली आणि प्रकाश, तिचा मुलगा, कर्ता झाल्यावर त्याच्या हाती दिली. एका साली काढणीला आलेलं सोयाबीन पावसानं गाठलं. प्रकाशनं ओल्या वावरात हार्वेस्टर घातला. ओली माती दबली की मुळीला जागा राहत नाही, हे अक्कानं परोपरीनं सांगितलं. मजूर मिळत नव्हते, शेंगा फुटायला आल्या होत्या, हेही खरं. पण दाण्यांनी भरलेली ट्रॉली बांधावर उभी ठेवायची सोडून त्यानं वावरभर फिरवली, ती निव्वळ आळसानं. पुढल्या पावसाळ्यात चाकांच्या पट्ट्यांत पाणी तुंबलं, पीक पिवळं पडलं. खणलं तर वीतभर खाली फरशीसारखा थर. त्यावर उपाय म्हणून या शहाण्यानं आणखी जड ट्रॅक्टर आणून नांगरलं, तेही ओलीतच. थर होता तसाच राहिला.

मग मात्र अक्का भांडली. नाल्याकाठचा तुकडा तिनं स्वतःकडे घेतला आणि तिथं चाक येऊ दिलं नाही. ताग पेरून गाडला, शेणखत टाकलं, भाड्याच्या बैलांनी मशागत केली. गाव हसलं, प्रकाश सगळ्यांत जास्त. हळूहळू ती माती मोकळी झाली. पडेल तो पाऊस पोटात घेऊ लागली.

त्याच तुकड्यात तिला अग्नी द्यायचं ठरलं. बायकांनी जायचं नसतं, तरी मी गेले. पाहते तो प्रकाशनं सरणाच्या लाकडांची ट्रॉली बांध फोडून थेट आत घातलेली! मी ट्रॅक्टरपुढे उभी राहिले.

"मावशी, आता काऊन अडवतं? माय गेली ना."

"ती असती तं तुही हिंमत झाली असती का बे?"

तो खाली उतरला. पुढची लाकडं माणसांनी खांद्यावर नेली.

परवा पुन्हा गेले. पाऊस नुकताच उघडला होता. साऱ्या तुकड्यात पाणी जिरलेलं, फक्त त्या दोन चाकोऱ्या काठोकाठ भरलेल्या. प्रकाश चिखलात उभा राहून कुदळीनं त्या फोडत होता.

"वाळू दे पहिले," मी म्हणाले.

तो थांबला. कुदळ बाजूला ठेवून बांधावर जाऊन बसला. आईच्या शब्दाला मात्र तो एकदाही थांबला नव्हता...