कणीक लावलेलं विमान

सकाळी दवाखाना उघडत होते तेव्हा चाचींचा फोन आला. "डॉक्टर, ह्यांचं झालं ओ," एवढंच म्हणाल्या. मला आधी कळेचना. आदल्या संध्याकाळी शौकतचाचा फोनवर चांगले खणखणीत बोलले होते. "उद्या या, विमान उघडायचं हाय," म्हणाले होते... पहाटे छातीत दुखलं आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं. मी घरी पोचले तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावर वीतभर लांबीचं ते विमान तसंच होतं, अंगभर टेप आणि कणीक लावलेलं. अशा वेळी तिकडे लक्ष जाऊ नये, पण गेलं.

मी दातांची डॉक्टर आणि चाचा माझे पेशंट, ओळख एवढीच. हवाई दलात विमानांच्या देखभालीची नोकरी करून ते निवृत्त झाले आणि कोल्हापुरात परतले. अक्कलदाढ काढायला आले होते. अर्धं तोंड बधिर, आत कापूस, आणि खुर्चीतून हातवारे चाललेले. मला वाटलं, दुखतंय. कापूस काढल्यावर म्हणाले, "आत त्यो कंप्रेसर वाजतोय न्हवं, किती प्रेशर देतोय?" प्लास्टिकची छोटी विमानं जोडून ती रंगवण्याचा त्यांना नाद होता. पेनाएवढ्या एअरब्रशला हवा पुरवणारं त्यांचं यंत्र सारखं बंद पडायचं. पुढे मी नवा कंप्रेसर घेतला तेव्हा जुना त्यांच्याकडे गेला, आणि त्याच्यामागोमाग मीही.

लढाऊ विमानावर हिरवे-तपकिरी पट्टे असतात ते आपण चित्रात पाहतो. ते छोट्या विमानावर उठवायचे तर आधी सगळीकडे एक रंग मारायचा, तो वाळला की जिथे तो ठेवायचा तेवढा भाग झाकायचा आणि वरून दुसरा फवारायचा. अवघड असते ती दोन रंगांमधली कड. नुसता टेप लावला तर ती सुरीने कापल्यासारखी दिसते. चाचांना ती किंचित विरलेली हवी असायची. त्यासाठी बाहेरून मागवलेली पुट्टी त्यांना काही पटली नाही. ते कणकेच्या बारीक वळ्या करायचे, रंगाच्या हद्दीवर ठेवून बोटाने जागोजागी दाबायचे आणि आतला भाग टेपने भरायचे. वळी गोल असल्यामुळे तिच्या कडेखाली रंगाचा थोडासा धूर शिरतो आणि हवी तशी कड मिळते.

ही कणीक अर्थातच चाचींच्या परातीतली. पहिल्या वेळी त्यांनी चपातीला मळतात तशी तेल-मीठ घालून मळलेली कणीक दिली. वळ्या काढल्यावर पंखावर तेलाच्या रेघा उठल्या आणि पुढचा रंग त्यावर बसेचना. घरात दोन दिवस अबोला होता. पुढे न सांगता बिनतेलाचा एक गोळा वेगळा निघू लागला, पण तोंड चालूच. "अन्न हाय ते. आता ते रंगवलेलं चिमण्यांस्नीबी घालता येत न्हाय." चाचा म्हणायचे, "एक चपाती कमी खातो की." कमी मात्र कधी खाल्ली नाही.

माणूस भलताच हट्टी. एकदा मी फोटो दाखवून म्हटलं, चाचा, हा तपकिरी पट्टा डावीकडे वळतो. "फोटोवाला एकदा आलता. मी रोज पुसलंय ते," म्हणाले. पुढच्या खेपेला गेले तर पंख खरवडून पुन्हा रंगवलेला आणि पट्टा डावीकडे वळलेला. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला चौकटी असतात. सर्जिकल ब्लेडने टेप कापून त्या काचा झाकायचं काम माझ्याकडे होतं. आणि विमान उघडायचं, म्हणजे सगळी झाकणं काढायची, तीही मीच. स्वतः रंगवलेलं ते कधी उघडत नसत. धीर होत नसे. चाची चहा आणायच्या, ते खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि मी शेवटचा तुकडा काढला की वळायचे.

हे शेवटचं विमान त्यांच्या स्वतःच्या स्क्वाड्रनमधलं. खोका कपाटावर कित्येक वर्षं पडून होता. आधी हात बसू दे, म्हणत त्यांनी बाकीची सगळी करून घेतली. आणि हे झालं तेव्हा वळून बघायला ते उरले नाहीत... टेप फार तर दोन-तीन दिवस ठेवायचा असतो. नंतर त्याचा गोंद रंगात मुरतो आणि टेपबरोबर रंगही निघून येतो. मला ते दिवसागणिक टोचत होतं. पण ज्या घरात माणूस गेलंय तिथे टेप काढू का, असं कसं विचारायचं? मी जाऊन बसत असे, चाचींशी बोलत असे आणि परत येत असे.

चाळिसावा झाल्यावर चाचींनीच फोन केला. "ते तसलं बांधलेलं बघवंना झालंय. उघडा ते." चहा त्यांनी केला होता. खिडकीपाशी बसायला कोणी नव्हतं. काचेवरचा टेप नीट निघाला. डाव्या पंखावरच्या टेपने मात्र नखाएवढा रंग उचकटून आणलाच. मला फार वाईट वाटलं. मी दुरुस्त करते म्हटलं तर चाची म्हणाल्या, "न्हाय. त्यांनी मारलाय तेवढाच राहू दे." बाकी कड सुरेख आली होती, अगदी त्यांना हवी तशी.

कणीक वाळून कडक झाली होती. वळ्या तुटत तुटत निघाल्या. मी त्या कागदावर ठेवत गेले. चाचींनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. त्यावर चाचांनी बोटाने दाबलेले खळगे होते, एकात तर बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. चाचींनी त्यात आपलं बोट टेकवून पाहिलं. ते सैल बसलं. "केवढं बोट होतं बघा," म्हणाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. मीही रडले. मग त्यांनी सगळे तुकडे ओढणीच्या टोकात गोळा केले आणि वर गाठ मारली.

"विमान तुम्ही न्या, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मला हे बास झालं."