बायझंटाईन ताट आणि लेकीचं डोहाळजेवण

निवृत्त इतिहास-शिक्षकाला रिकामं बसू देऊ नये. मला बसू दिलं, आणि मी मोबाईलवर बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या काळातली चांदीची ताटं बघायला लागलो. मधोमध क्रूस, भोवती वेल, मागं सरकारी शिक्के. दीड हजार वर्षांपूर्वीची कारागिरी!

लेकीच्या डोहाळजेवणासाठी सासूबाई मुरुमला आमच्याकडं आल्या, त्या काळं पडलेलं चांदीचं ताट घेऊनच. मी ते उलटं केलं. मागं तीन शिक्के. सुलटं केलं. वेल, आणि मधे चक्क क्रूस! रोमचा माल आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला यायचा, हे मी जन्मभर पोरांना शिकवलेलं. तो व्यापार ह्या ताटांच्या तीन-चारशे वर्षं आधीच थांबलेला, ती वर्षं मी गिळून टाकली.

"ताटाला कुणी हात लावायचा न्हाय," मी जाहीर केलं. "काळेपणा हाच पुरावा." आणि ताट कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली.

आता सासूबाईंच्या घरातल्या गरोदर लेकी-सुना पहिला घास ह्याच ताटात घेतात. सासूबाईंनी घेतला, माझ्या बायकोनं घेतला. नातीला तो भरवायचा म्हणून तर म्हातारी गुडघे धरत एस्टीनं आलेली.

डोहाळजेवणाला बायका जमल्या. लेक पाटावर, समोर जागा रिकामी.

"जावईबापू, पोर भुकेजलीय. ताट काढा," सासूबाई म्हणाल्या.

"मामी, ते संग्रहालयात जाणारं ताट हाय."

"जाऊ द्या की. जेवून जाईल."

बायका खिदळल्या. मी चिडून ताट काढलं आणि जेवायला बोलावलेल्या, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या सोनारमामांच्या हाती दिलं. म्हटलं, जाणकारच सांगू दे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"गुरुजी, हा शिक्का आमच्या दुकानाचा. माझ्याच हातचा. दोनदा हातोडी घसरली, तिसऱ्यांदा नीट बसला."

"आणि क्रूस?"

"मध्य धरायला फुली मारल्याली. तिथं कमळ काढायचं व्हतं. तुमच्या सासऱ्याला लग्नाची लई घाई. कमळ ऱ्हायलं, ताट गेलं."

सासूबाई आत गेल्या. चिंचेचा गोळा आणून माझ्यापुढं ठेवला. अख्ख्या अंगणासमोर मी ताट घासायला बसलो. पुरावा निघता निघेना.

"पप्पा, लवकर. बाळ लाथा मारतंय."

अखेर ताट लखलखलं. सासूबाईंनी शेंगदाण्या-गुळाची शेंगपोळी वाढली, तुपात बुडवून पहिला घास लेकीला भरवला. लेकीनं आजीचा हात धरूनच तो खाल्ला. मग त्या पोळी घेऊन माझ्याकडं वळल्या. माफी मिळाली म्हणून मी हात पुढं केला.

"सरका जरा, जावईबापू. सोनारमामांना वाढायचंय."