मायचं गाणं आणि नवा प्रिंटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. देवरीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात चिचगडकडची एक म्हातारी पेनड्राइव्ह घेऊन आली होती. तिच्या आईचं गोंडी गाणं गावच्या गुरुजींनी त्यात टाइप करून दिलेलं. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर टाकलेला नव्हता, म्हणून मी फाइल कॉम्प्युटरवर उतरवून तशीच थेट प्रिंटरला पाठवली. कागदावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली.

तिला वाचता येत नव्हतं. चिन्हांवरून बोट फिरवत ती डोळे मिटून गुणगुणू लागली.

"आमची बोली अशी दिसते का जी, भाऊ? माय गाऊन राहिली असं वाटते."

"हो," मी म्हणालो. खरं सांगवेना.

कागद छातीशी धरून ती बसमध्ये चढली. संध्याकाळी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला, तेव्हा कॉम्प्युटरवर राहिलेल्या फाइलमधून गाणं नीट छापून निघालं. ती पुन्हा आली नाही. तिच्या आईचं गाणं मी तिला अजून देणं लागतो.