अर्धा पासवर्ड

"तोंड तिकडं कर," सचिव म्हणायचे, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो होता. मी त्यांच्या मिशा बघत असताना पाठीमागे सचिव एका बोटानं कीबोर्ड टोचत असायचे. मग एंटर दाबल्याचा खटका ऐकू यायचा आणि ते म्हणायचे, "हं, फिर." मी फिरायचे. मेलचं मशीन उघडलेलं असायचं.

बीदरच्या एका शिक्षणसंस्थेतली ही गोष्ट. संस्थेची चार-पाच कॉलेजं होती, वसतिगृहं होती, आणि त्या सगळ्यांची मेल ज्या एका मशीनवर यायची ते माझ्याकडे होतं. माझ्याकडे म्हणजे बिघडलं की शिव्या माझ्याकडे. कागदावर मी तात्पुरती कॉम्प्युटर ऑपरेटर. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस घरी बसायचं, पुन्हा नवीन ऑर्डर. त्या एका दिवसातही कुणाचं तरी काहीतरी अडायचंच आणि बिनपगारी यावं लागायचं.

त्या मशीनच्या डिस्कला कुलूप होतं. त्याच्या आधी एक डिस्क बिघडून दुरुस्तीला हैदराबादला गेली होती, आणि तिथं कुणीतरी तिच्यातली मेल वाचली. कुठल्या अॅडमिशनसाठी कोण कुणाला काय लिहितो, ते चार दिवसांत बीदरच्या बसस्टँडवरल्या हॉटेलात चहाबरोबर मिळायला लागलं. सचिवांनी हाय खाल्ली. मग हैदराबादचाच एक इंजिनिअर आला आणि त्यानं नव्या डिस्कवर असं कुलूप बसवलं की, पासवर्डशिवाय ती कुणी घरी नेली तरी हाती कचराच लागावा. मशीन सुरू होताना पासवर्ड विचारायचं, आणि एकदा उघडलं की बंद पडेपर्यंत काही विचारत नसे. पासवर्ड कुणाकडे ठेवायचा यावर चर्चा झाली. देवळाच्या दानपेटीला दोन कुलपं आणि दोन पंच असतात, तशी सचिवांची कल्पना निघाली. अर्धा पासवर्ड माझा, अर्धा त्यांचा. आधी मी माझा टाकायचा, मग भिंत. माझी पाळी असताना सचिव बहुधा मोबाइलवर बोलत असत. माझ्या अर्ध्यात चोरण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटतच नसावं.

माझा बाप आमच्या गावी, चिंताकीला, लोकांची मेंढरं अर्धलीनं पाळायचा. मेंढी मालकाची, राखण आपली, आणि होतील त्या पिलांत निम्मा वाटा. मालक महिनोन् महिने फिरकत नसे. लांडग्यानं एक नेलं असं बापानं सांगितलं की मालक मान डोलवायचा आणि विषय संपायचा. बापाला कुणी कधी भिंतीकडे तोंड करायला लावलं नाही. यावर आई म्हणते, रानात भिंत व्हतीच कुठं? आई तशीच आहे, पण माझा मुद्दा तिलाही कळतो.

तर डिस्क भरायला लागली. मास्तर लोक बारशाचे फोटो आणि सकाळची फुलं एकमेकांना पाठवायचे, आणि ऑफिस प्रत्येक परिपत्रक चित्र करून जोडायचं. जुनी मेल काढून टाका, अशी नोटीस मी लावली. ती नोटीसही कुणीतरी स्कॅन करून सगळ्यांना पाठवली. पुढं पुढं बाहेरून आलेली मेल परत जायला लागली. शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना कंपन्यांची मुलाखतीची बोलावणी याच पत्त्यांवर येत. औराद-भालकीकडच्या खेड्यांतली पोरं ती, एक मेल चुकली तर पुन्हा कोण विचारणार? मी सचिवांकडे गेले. त्यांनी हैदराबादवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नवीन मशीन घ्या, दिवसभर सगळं बंद ठेवावं लागेल.

"नवं मशीन कामून, अण्णा?" मी म्हणाले. "ह्याच मशीनला आणखी एक डिस्क लावू. तेवढ्यापुरतं बंद."

"बाकीचं?"

बाकीचं मी त्यांना वाघरीवरून सांगितलं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. मेंढरं आत असताना ती वाढवायची तर आधी बाहेरून नवी जाळी ठोकतात आणि मग आतली काढतात. मेंढरू उठतसुद्धा नाही. इथंही तसंच. आधी जागा वाढवायची, मग तिच्यावरचं कुलूप ताणून नव्या जागेपर्यंत न्यायचं, मग आतली मेलची फडताळं मोठी करायची. क्रम सोडायचा नाही. एवढं चालू असताना मेल येत राहते, जात राहते.

"म्हंजे घंटाभर बंद?"

"घंटाबी न्हाई."

"कर मंग," ते म्हणाले. "नीट झालं तर औंदा तुला कायम करतो. माझा शब्द हाय."

कायम. हा शब्द त्या काळी आमच्याकडे कुंकवासारखा होता, तो लागला की माणसाची बडदास्त बदलायची. माझ्याबरोबरची सगळी पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली. मी राहिले होते, कारण बापाच्या डोळ्यांत पडदा आला होता आणि मेंढरं विकून टाकली होती. कायम झाले असते तर बीदरात दोन खोल्या घेऊन दोघांना आणलं असतं. नाहीतर मलाही पुण्याची गाडी धरायची होती आणि ते दोघं चिंताकीत एकमेकांना सांभाळत बसणार होते.

कामाला दिवस निवडला येळवसचा. त्या अमावास्येला आमच्या भागात गावात काळं कुत्रं सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, आत पांडवांचे दगड मांडून पुजायचे, आणि वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून आंबील आणि भज्जी खाऊ घालायची. ऑफिस मोकळं, मेल वापरणारं कुणी नाही. आईचा फोन आला. "दरसाल येतीस, औंदा कामून न्हाई?" मी म्हणाले, कायम व्हायचंय. ती म्हणाली, "मंग राहू दे. तुझ्या वाटचे बाजरीचे उंडे मी गाईला घालते."

सगळ्या मेलची एक प्रत मी आधीच वेगळी काढून ठेवली होती. सकाळी सचिव आले. पांढरी कडक विजार, गळ्यात नवा टॉवेल, बाहेर जीपमध्ये आंबिलीची मडकी आणि पाहुणे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी मशीन बंद केलं, डिस्क बसवली आणि सुरू केलं. माझा अर्धा टाकला आणि भिंतीकडे वळले. सचिव टोचत राहिले. उघडलं नाही. "तुझंच चुकलं असल," ते म्हणाले. पुन्हा मी, पुन्हा भिंत, आणि या वेळी उघडलं. ते जीपमध्ये बसून गेले. पहिली पायरी झाली, दुसरी झाली, मेल चालूच होती. तिसरीला हात घालणार तोच लाइट गेली.

यूपीएसच्या बॅटऱ्या मेल्यात म्हणून मी सांगून थकले होते. जनरेटर होता, पण तो हॉलच्या कार्यक्रमांसाठी. मशीन बंद पडलं. थोड्या वेळानं लाइट आली, मशीन उठलं आणि पासवर्ड विचारत उभं राहिलं. मी सवयीनं माझा अर्धा टाकला आणि तशीच बसले. पुढचा अर्धा औरादच्या रस्त्याला शेतात जेवत होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. आमची येळवस होती, कंपन्यांची नव्हती. घंटाबी न्हाई असं मीच म्हणाले होते. मी रिक्षा केली.

शेतात पंगत बसली होती. सचिव तालुक्याच्या साहेबांना आग्रह करून वाढत होते, कोपरापर्यंत हात खिरीत. मला बघून म्हणाले, "ये पोरी, आदी आंबील पी." येळवसला रानातून उपाशी परत पाठवत नाहीत. मी उभ्यानं आंबील प्याले आणि हळू आवाजात सांगितलं की मशीन बंद पडलंय, तुम्हाला यावं लागेल.

"आत्ता? पाव्हणे टाकून?" त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

पंगतीतून त्यांचा भाचा म्हणाला, "मामा, म्या जाऊ का? मला बी येतंय की ते."

"तू जेव," सचिव म्हणाले आणि ड्रायव्हरला हाक मारली. "जा रे, हिच्यासंगं जा आन् टाकून ये."

आंबिलीचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. भाच्याला येत होतं. ड्रायव्हरला येत होतं. त्या पंगतीत आणखी किती जणांना येत होतं देव जाणे. मी इतकी वर्षं समजत होते की संस्थेचं गुपित दोघांत वाटलेलं आहे, अर्धं त्यांच्याकडे, अर्धं माझ्याकडे. गुपित वगैरे काही नव्हतं. ते फक्त मला सांगायचं नव्हतं.

जीपमध्ये ड्रायव्हरनं मला पुढच्या सीटवर बसवलं. भला माणूस होता. मशीनच्या खोलीत मी माझा अर्धा टाकला आणि बाजूला झाले. तो खुर्चीत बसला, पण त्याचा हात पुढं जाईना.

"अक्का," तो म्हणाला, "बुरा नक्को मानो. साब बोले सो, उसका मुंह उधर करने लगाव बोलके."

मी भिंतीकडे वळले. संस्थापकांच्या मिशा होत्या तिथंच होत्या. सचिवांपुढं उभी राहताना मला कधी रडू आलं नव्हतं. ड्रायव्हर दहाही बोटांनी भराभर टाइप करत होता, पहिल्याच फटक्यात उघडलं, आणि मला रडू आलं. त्यानं ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं करून तो निघून गेला.

तिसरी पायरी राहिली होती ती मी केली. फडताळं मोठी झाली, अडकलेली मेल एकेक करून यायला लागली. पाठवणारी मशीनं शहाणी असतात, दार उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. एकही मेल हरवली नव्हती.

मशीन उघडं होतं आणि त्यावर हुकूम माझा चालत होता. एक ओळ लिहिली असती तर त्या कुलपाची सबंध किल्ली पडद्यावर आली असती. पहिल्या दिवसापासून येऊ शकत होती. सचिवांना ते माहीत नव्हतं, मला होतं, आणि मला कधी गरज वाटली नव्हती. त्या दिवशी हात कीबोर्डवर गेला. मग वाटलं, यांनी आपल्याला चोर धरलंच आहे, तर चोरी करून यांना खरं कशाला ठरवायचं. मी हात मागे घेतला. चूक केली की बरोबर, हे मला आजही सांगता येत नाही. राग मात्र आजही येतो.

संक्रांतीनंतर सचिवांनी बोलावलं. टेबलावर तिळगुळाचा डबा होता. त्यांनी एक वडी माझ्या हातावर ठेवली. भाचा शेजारच्या खुर्चीत होता.

"अण्णा, कायमचं काय झालं?" मी विचारलं.

"कायमची जागा निघाली," ते म्हणाले. "ह्याला दिली."

"काम मी केलं."

"अगं, काम केलंस, न्हाई कोन म्हनतंय? पर त्यात व्हतं काय? हैद्राबादवाला दिवसभर म्हनला व्हता. हितं तर कुनाला कळलंबी न्हाई. एवढ्या सोप्या कामाला ह्यो बी चालतोय की." मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "आन् किल्लीला घरचा मानूस बरा असतोय, पोरी. तू काय, आज हाईस, उद्या लगीन करून जाशील."

दिवसभर बंद पाडलं असतं, दोन-चार मेल हरवू दिल्या असत्या, घाम पुसत खोलीतून ये-जा केली असती, तर कदाचित कायम झाले असते. मी ते बोलून दाखवलं. सचिव म्हणाले, सणाचं गोड बोलावं.

"तेवढा तुझा अर्धा ह्याला दे," ते म्हणाले. भाच्यानं मोबाइल काढला, लिहून घ्यायला.

मी उठून उभी राहिले. "अण्णा," मी म्हणाले, "तोंड तिकडं करा."

त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटलं. ते हसले, भाचाही हसला. खोलीत चार भिंती होत्या, पण एकीकडेही कुणी तोंड वळवलं नाही. माझा अर्धा म्हणजे बापाच्या शेवटच्या मेंढीचं नाव होतं. विकायच्या दिवशी बाप ज्या नावानं तिला हाका मारत बसला होता, ते नाव मी दोघांच्या तोंडाकडे बघत सांगितलं. भाच्यानं ते मोठ्यानं म्हणून बघितलं, पुन्हा हसला आणि मोबाइलमध्ये टाकलं.