आईने ठेवायला दिलेला पासवर्ड

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलं असेल तर ते फॉर्मवर, तेही शेजाऱ्याला विचारून. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे कुणाच्या तरी राखीव खुर्चीवर बसल्यासारखं वाटतं. पण ही गोष्ट माझ्याशिवाय दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

आयटीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट होता. माझी जोडीदार बोरिवलीची, बोलायला चटपटीत. हॅकिंगवर बोर्डगेम करायचा, हे तिच्याच डोक्यातून आलं. माझे वडील मुलुंडला खोके बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. तिथल्या जाड पुठ्ठ्याचा पट मी कापला. पटावर प्रत्येक खेळाडूचा एक कॉम्प्युटर आणि समोर पालथं ठेवलेलं पासवर्डचं पान. एक जण हॅकर. त्याने खोटे फोन, खोटे मेल अशी पानं टाकून सगळ्यांचे पासवर्ड मिळवायचे. चाल फाशांवर ठरायची, आणि वेळ संपायच्या आत सगळे मिळाले की तो जिंकला.

नियम मी लिहिले. इंग्रजीत, अकरा पानं. वाटलं, जितकं जास्त तितकं हुशार दिसेल.

पहिल्या तपासणीला आमच्या मॅडमनी तिसऱ्या पानावरच वही मिटली. "हा खेळ आहे की सिलॅबस? कॉम्प्युटर न येणाऱ्या माणसांना खेळायला बसवा आणि काय झालं ते लिहून आणा. पुढच्या वेळीही असंच असेल तर मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही म्हणजे वर्ष गेलं. घरी मी हे सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "रविवारी दुपारी खेळायचंय."

आई, बाबा, मी आणि शेजारच्या मावशी असे चौघं बसलो. मावशी मूळच्या खारदांड्याच्या, इथे बाजारात मासे विकतात. पहाटे निघताना त्या घराची किल्ली आईकडे देतात. आम्ही गावाला गेलो की आमची त्यांच्याकडे. दोन्ही किल्ल्यांना आमच्या दारामागे एकच खिळा आहे. चिठ्ठी टाकली, तर हॅकर मावशीच निघाल्या.

"मी चोर?" मावशी हसल्या. "बरं बाबा, चोर तर चोर."

त्यांनी बाबांचा पासवर्ड दोन डावांत काढला. खोट्या फोनचं पान टाकून असा काही आवाज लावला की बाबांनी पान हातातच दिलं. मग माझाही गेला. आता फक्त आईचा उरला होता. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आई उठली आणि आपलं पान मावशींच्या हातात देऊन म्हणाली, "ह्या ठेव गो तुझ्याकडे, मी येतंय."

"आई! त्या हॅकर आहेत!"

"हॅकर आसा तर काय झाला? शेजारीण आसा मा ती!" ती आतून म्हणाली.

मावशींनी पान कमरेच्या पिशवीत टाकलं. खेळ तिथेच संपायला हवा होता. पण मावशी पुढे फासे टाकत राहिल्या, आईवर खोटे मेल टाकत राहिल्या, आणि शेवटी वेळ संपून हरल्या. मग पिशवीतून पान काढून त्यांनी आईला परत दिलं.

मी चिडलो. "अहो मावशी, पान तुमच्याकडेच होतं ना! वापरलं का नाही?"

"तुझ्या आईनं ठेवायला दिलेलं," त्या म्हणाल्या. "वापरायला कुठं दिलेलं?"

मला लाज वाटली, तीही त्यांची. आज ते लिहिताना बरं वाटत नाही. अहवालात मी लिहिलं: खेळाडूंना नियम समजले नाहीत.

जोडीदाराने विचारलं, "समजले नाहीत म्हणजे नक्की काय झालं?" मी सांगितलं. ती उडालीच. "येडा आहेस का रे? अकरा पानांत आपल्याला जे जमलं नाही ते तुझ्या आईने कुकर उतरवता उतरवता केलं!"

आम्ही नियम एका पानावर आणले. मराठीत. त्यात एक नवा: आपलं पान केव्हाही दुसऱ्याकडे ठेवायला देता येईल. ते सांभाळायचं की वापरायचं, हे घेणाऱ्याने ठरवायचं. सांभाळून परत दिलं तर दोघांनाही गुण.

दुसऱ्या तपासणीला मॅडम स्वतः खेळल्या. वर्गातल्या एकाने त्यांचं पान ठेवून घेतलं आणि खुशाल वापरलं. "अरे, विश्वासाने दिलं होतं मी!" त्या ओरडल्या, आणि हसतच सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर मात्र हसले नाहीत. "पासवर्ड कुणाला देऊ नये, हा पहिला धडा. तुम्ही द्यायला शिकवता?"

जोडीदार बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती माझ्याकडेच बघत होती. "सर," मी अडखळत म्हणालो, "माणसं देतातच. आमच्याकडे घराची किल्लीसुद्धा देतात. कुणाला द्यायची हे कळावं, म्हणून..." सरांनी काहीतरी लिहिलं आणि "या" म्हणाले.

त्यानंतर निकालापर्यंत माझं जेवणात लक्ष नव्हतं. त्या "या"चा अर्थ मी रोज वेगळा लावायचो. अखेर आईला सांगून टाकलं की वर्ष जाऊ शकतं. ती एवढंच म्हणाली, "मावशीक सांगू नको, तिका वाटात आपल्यामुळे झाला."

निकालाच्या दिवशी माझ्या मोबाइलवर कॉलेजची साइट उघडेना. गोल फिरत राहिलं. शेवटी मी जोडीदाराला माझा परीक्षेचा नंबर आणि साइटचा पासवर्ड पाठवून दिला. कुणालाही द्यायचा नसतो तोच. बराच वेळ काही आलं नाही. आई दारात उभी होती, मावशी तिच्या मागे.

मग फोन वाजला. "माझा अजून बघितला नाही," ती म्हणाली. "तुझा आधी उघडला. पास आहेस."