मागच्या सीटवरचा बाप

नोकरीत पाहिलेले खुनी आणि दरोडेखोर आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणाचा चेहरा कोणत्या गुन्ह्याचा, हे मला धड सांगता येणार नाही. पण हिंगणीची ती सात वर्षांची मुलगी जशीच्या तशी आठवते. त्या प्रकरणात ना रक्त होतं, ना चोरी. कोर्टाचा एक कागद होता आणि तो अमलात आणता येत नाही म्हणून वैतागलेला मी होतो.

मुलीचे आईवडील वेगळे राहत होते. वडील नालवाडीला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे. आई मुलीला घेऊन माहेरी, हिंगणीला आली होती. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलीला वडिलांकडे द्यावं, असा वर्ध्याच्या कोर्टाचा आदेश होता. आई देईना. शेवटी कोर्टानं आमच्या ठाण्याला मदतीचा आदेश दिला आणि चार भेटींनंतर अहवाल मागवला. त्या अहवालावर पुढचं ठरणार होतं. मुलीलाच वडिलांकडे जायचं नाही असं त्यात आलं असतं, तर भेटी बंद व्हायची दाट शक्यता होती.

असलं काम पोलिसाला आवडत नाही. चोर पकडला तर पेपरात नाव येतं. नवराबायकोच्या मधे पडलं की दोन्हीकडून शिव्या मिळतात. त्यात रविवार जातो तो वेगळाच.

पहिल्या भेटीच्या रविवारी आमची जीप दारात उभी राहिली. पुढच्या सीटवर मी, कारण ती सीट साहेबाची. मागे एक शिपाई, एक महिला हवालदार आणि दोघांच्या मधे मुलीचे वडील, मांडीवर गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन. मी त्यांना बजावलं होतं, "तुम्ही उतराचं नाई. तोंडाले तोंड लागते आन मंग आमच्याच डोक्याले ताप." बिचारे मान खाली घालून बसून राहिले.

आई दारातच उभी होती. "पोरगी घरी नाई," ती म्हणाली.

महिला हवालदारानं घर पाहिलं. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, भाव येईपर्यंत बहुतेक घरांत असतो तसा. मुलगी कुठे दिसली नाही. मी स्टेशन डायरीला नोंद केली, 'मुलगी मिळून आली नाही', आणि वडिलांना हिंगणीच्या फाट्यावर एसटीसाठी उतरवलं. त्यांचा पुडा तसाच परत गेला.

दुसऱ्या भेटीच्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मात्र आईचा आवाज चढला.

"मी लपवत नाई तिले, साहेब! लेकराची शपथ. तुमची गाडी दिसली की ते सोताच पळते. तिले बापाकडे जाचंच नाई. लिहा तुमच्या कागदावर!"

"आन तुमचं काय? तुम्हाले पाठवाचं हाये का?"

 ती हळूच म्हणाली, "एकदा नेली आन परत आणलीच नाई, तं मी काय करू?"

ती खोटं बोलत नव्हती, एवढं मला कळलं. इतक्या वर्षांत माणसाचं खोटं मी मानेवरून ओळखायला शिकलो होतो. चौथ्या वेळीही रिकाम्या हातांनी परतलो आणि अहवालाचा मसुदा तयार केला, 'मुलगी स्वतः भेटीस अनिच्छुक असल्याचे दिसून येते.' सही तेवढी बाकी होती.

त्याच आठवड्यात मुलीच्या वर्गशिक्षिका ठाण्यात आल्या. जीप कोणाच्या दारात उभी राहते हे गावात सगळ्यांना माहीत होतंच. त्या म्हणाल्या, "साहेब, हे लेकरू काही सोमवारी हातापायावर पुरळ घेऊन येते. खाजवून खाजवून रडकुंडीले येते. डॉक्टर म्हणते कापसातल्या किड्याचं हाये. मी हजेरीवरून पाह्यलं, तुमची गाडी येते त्याच्याच दुसऱ्या दिवशी असं होते."

चार वेळा त्या खोलीच्या दारातून आम्ही परत फिरलो होतो. साठवलेल्या कापसात दहा मिनिटं बसलं तरी मोठा माणूस अंग खाजवत बाहेर येतो, आणि ही पोर त्यात गळ्यापर्यंत बुडून आमच्या पावलांचा आवाज ऐकत होती. बापाची एवढी भीती कशापायी? त्यानं कधी मारलं असेल का, ही शंका आली. ते पाहिल्याशिवाय सही करणं बरोबर नव्हतं.

आईला विचारून आम्ही एका संध्याकाळी गेलो. जीप नाही, वर्दी नाही. महिला हवालदार साध्या साडीत. मुलगी अंगणात बसली होती. आई भिंतीला टेकून उभी राहिली, मी लांब बाजेवर बसलो. हवालदार बाई तिच्याशी शाळेचं, मांजरीचं बरंच काही बोलल्या आणि मग सहज म्हणाल्या, "त्या कापसात काऊन लपून बसते वो बाई? खाजवत नाई का?"

"खाजवते ना."

"मंग?"

मुलीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबाले पोलिसायनं पकडलं हाये."

"कोण म्हणलं?"

"मी खिडकीतून पाह्यलं. मागं बसवते त्यायले, दोन पोलिसायच्या मधात. मी सापडली तं दोघायले नेतीन. मी नाई सापडली तं बाबाले सोडून देते." ती हाताची बोटं दाखवत म्हणाली, "चारी वेळा सोडलं. आबाजीनं फाट्यावर पाह्यलं."

आबाजी म्हणजे तिचे आजोबा. दर वेळी फाट्यावरून येऊन ते घरात सांगायचे, सोडलं त्याले पोलिसायनं, गेला एसटीनं.

मी थक्क झालो. दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. वर्दीतली भलीभली माणसं घाबरून जागा सोडताना मी पाहिली आहेत. आणि ही एवढीशी पोर, खोकला दाबून, अंग न खाजवता, बापाला सोडवायला चार रविवार कापसात बसली होती. ज्याला मी अनिच्छा म्हणत होतो, ती तिची माया होती. आणि तिच्या बापाला पकडणारा मी होतो, कारण पुढची सीट माझी होती.

आई खाली बसली. पदरानं तोंड झाकून बराच वेळ रडली. "मले वाटे तिले तो नको हाये," एवढंच म्हणाली. मी मसुदा फाडला आणि घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहून कोर्टाला दिलं, माझ्या चुकीसह. निघताना आई म्हणाली, "त्यायले म्हणा, एकट्यानं येजा. गाडी नको."

पुढच्या भेटीच्या रविवारी मी साध्या कपड्यांत फाट्यावरच्या पानटपरीशी उभा होतो. दहाच्या सुमारास वडील एसटीतून उतरले. आई मुलीचा हात धरून तिथवर आली होती. तिनं पाच वाजताची आठवण करून दिली आणि हात सोडला.

मुलगी धावली नाही. आधी तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जीप आहे का ते पाहिलं. मग वडिलांच्या हातातला पुडा काढून खाली ठेवला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि मनगटं उलटसुलट करून नीट पाहिली. वडिलांना काही कळेना. ते हसत होते. बेडीचा वण शोधतेय हे मला कळलं, आणि मी टपरीकडे तोंड फिरवलं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना ते तिला परत घेऊन आले.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत फिर्यादी असो की अर्जदार, त्याला मी पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसलो. शिपाई हसायचे, वरिष्ठांनी एकदा विचारलंही. मी कारण सांगितलं नाही. गाडी कोणाच्या दारात थांबली की आधी खिडक्यांकडे बघायची सवय मात्र लागली, ती अजून आहे.