पाठ कुणाची लागली?

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत सगळं दोहा उकरून ठेवलेलं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता दर आठवड्याला बदलायचा. त्यात माझे वडील, आबा, कोल्हापूरहून महिनाभर राहायला आले. आबा तालमीतले वस्ताद. आणि माझा धाकटा भाऊ लाल माती सोडून, लाथाबुक्क्या चालतात असल्या लढती करायला थेट जपानात गेलेला! "मारामारी करणारा माझा कोण न्हवं," म्हणून आबांनी तीन वर्षं अबोला धरला होता. दोघंही हट्टी. मधल्या मध्ये निरोप पोचवून माझा जीव मेटाकुटीला आलेला.

त्या शुक्रवारी भावाची पहिली मोठी लढत होती. तिथली दुपार म्हणजे आमची सकाळ. मी मुद्दामच टीव्ही लावला. आबा पेपर तोंडापुढे धरून बसले, पण पान काही उलटेना.

दुसऱ्या फेरीत भावानं कुस्तीतली ढाक मारली आणि जपानी गडी धाडकन पाठीवर! आबांचा पेपर उडाला. "चितपट! पाठ लागली की रं!" ते खुर्चीतून उठून नाचायलाच लागले. बघते तर काय, तिकडे आमचं ध्यानही गड्याला सोडून उठलेलं! वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, दोन्ही हात वर केले.

"आजोबा, इट्स नॉट ओव्हर!" माझी लेक किंचाळली. खरंच की! या खेळात नुसती पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. तेवढ्यात गडी उठला आणि त्यानं भावाच्या बरगडीत लाथ घातली. भाऊ खाली बसला तो उठलाच नाही. पंचांनी लढत थांबवली. खलास.

एवढा घोडा झाला, पण अक्कल तालमीतच ठेवून गेला! मला रडूच यायला लागलं. आबा मात्र हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते.

"फोन लाव त्याला," म्हणाले.

तासाभरानं लागला. स्क्रीनवर सुजलेलं तोंड. आबांना बघून भाऊ गडबडला. "आबा... हरलो."

"कोण म्हणतंय? पाठ कुणाची लागली?"

"त्याची."

"मग झालं तर. घरी ये. फेटा बांधायचाय तुला."

भाऊ हुंदके देऊन रडला. बरगडी दुखत होती तरी रडला.

फोन ठेवल्या ठेवल्या आबा चहाच्या साखरेचा डबा घेऊन मजल्यावर साखर वाटत सुटले. शेजारच्या रत्नागिरीच्या भाभींनी विचारलं, "काय झालं, आबा?"

"पोरगा जिंकला, जपानात!"

मी मागेच उभी होते. भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो ना, आणखी घ्या की थोडी."